‘श्री’ नसलेलं पत्र आणि माहितीचं माप

आमच्या घरी पत्र आलं की आजोबा आधी त्याचा माथा बघायचे, मजकूर नंतर. वर मधोमध ‘श्री’ असेल तर चष्मा शोधायला, पोस्टमनशी दोन शब्द बोलायला सवड असायची. ‘श्री’ नसेल तर ते तिथेच, दारात उभ्या उभ्या पत्र वाचायचे. कारण आमच्याकडे कुणी गेल्याचं कळवणाऱ्या पत्रावर ‘श्री’ लिहीत नसत. कोण गेलं, कधी गेलं, दहावा कुठे आहे, हे सगळं खाली असायचं. पण कुणीतरी गेलंय एवढं, न लिहिलेल्या एका अक्षरानं आधीच सांगून टाकलेलं असायचं.

जे कागदावर नाहीच ते बातमी कशी देतं, हा प्रश्न मला लहानपणी पडला होता. त्याचं सरळ उत्तर असं, की आजोबांना बातमी शाई देत नव्हती. तिथे ‘श्री’ असू शकला असता आणि तो नव्हता, हा फरक बातमी देत होता. माहिती संदेशाच्या पोटात भरलेली नसते. संदेश काय काय असू शकला असता आणि त्यातला नेमका कोणता आला, या नात्यात ती असते. ‘माहिती’ या कल्पनेचा आजचा शास्त्रीय अर्थ समजून घ्यायचा तर एवढं एक वाक्य पक्कं धरलं तरी पुरतं. मात्र या वाक्यापर्यंत यायला माणसाला फार वेळ लागला.

आधी शब्दाकडे बघू. मराठीत आपण ‘मला माहीत आहे’ म्हणतो. माहीत असणं ही माणसाची अवस्था आहे. भूक लागावी, झोप यावी, तसं काहीतरी कुणाला तरी माहीत असतं. ‘माहीतगार’ म्हणजे ज्याला वाटा ठाऊक आहेत असा माणूस. त्यातला ‘गार’ हा प्रत्यय फारसी आहे आणि त्याचा रोख माणसाकडेच आहे. पण ‘माहिती’ हे नाम झालं आणि ती वस्तू बनली. आता आपण माहिती भरतो, जोडतो, साठवतो, पाठवतो. ती चोरीलाही जाते. जिला ती माहीत आहे अशी व्यक्ती वाक्यातून गळूनच गेली.

युरोपातही असंच झालं. इंग्रजी ‘इन्फर्मेशन’ शब्दाचं मूळ लॅटिन ‘इन्फॉर्मारे’, म्हणजे आकार देणं. कुंभार मातीला देतो तो आकार, आणि त्यावरून मनाला दिलेला आकार. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वक्ता सिसेरोनं ‘इन्फॉर्माशिओ’ हा शब्द मनात उमटलेल्या कल्पनेसाठी वापरला. ॲरिस्टॉटलला मानणारे मध्ययुगातले विद्वान म्हणत, की आत्मा देहाला आकार देतो, आणि तिथेही हेच क्रियापद यायचं. चौदाव्या शतकाच्या सुमारास हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ शिकवण, मनाची घडण असाच होता. पुढच्या शतकांमध्ये तो घडवण्याच्या क्रियेवरून सरकत सरकत जे सांगितलं जातं त्यावर येऊन बसला. आधी मन घडायचं, मग बातमी पोचायला लागली.

आपल्याकडच्या दर्शनांनी मात्र वेगळा प्रश्न लावून धरला होता: हे ज्ञान खरं कशावरून? न्यायदर्शनानं चार प्रमाणं, म्हणजे खऱ्या ज्ञानाचे मार्ग, मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यातल्या शब्दप्रमाणाची व्याख्या न्यायसूत्रात ‘आप्तोपदेशः शब्दः’ अशी आहे, म्हणजे विश्वासार्ह माणसानं सांगितलेलं. हा प्रश्न बाजूला ठेवू या, कारण पुढे तो परत दार ठोठावणार आहे.

माहितीचं माप काढायची गरज भासली ती तारेमुळे. सॅम्युअल मोर्सनं २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश पाठवला आणि निरोपाला घोड्याचा, बोटीचा, माणसाचा आधार लागेनासा झाला. पण तारेत वेळ म्हणजे पैसा. म्हणून मोर्सच्या सांकेतिक लिपीत एक शहाणपण आहे. इंग्रजीत सर्वांत जास्त येणाऱ्या ‘ई’ला एकच टिंब, ‘टी’ला एकच रेघ, आणि क्वचित येणाऱ्या ‘क्यू’ला चार खुणा. मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल छापखान्यात गेला आणि कोणत्या अक्षराचे किती खिळे खणात ठेवलेत ते मोजून त्यानं अक्षरांची वारंवारता ठरवली, असं सांगतात. जे नेहमी येतं त्याला कमी जागा द्यायची, जे क्वचित येतं त्याला जास्त. माहितीच्या सिद्धान्ताचं बीज शंभर वर्षं आधी त्या खिळ्यांच्या खणात पडलेलं होतं.

भारतात तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. आमच्या पिढीनं तिचा शेवटचा काळ पाहिला. ‘तार आली’ एवढं ऐकलं तरी बायकांच्या पोटात गोळा यायचा, कारण साध्या घरी तार सहसा एकाच कारणासाठी येई. पण शुभेच्छांच्या तारेची सोय मला आता फार अर्थपूर्ण वाटते. तार ऑफिसात ठरावीक मजकुरांची छापील यादी असायची: दिवाळीच्या शुभेच्छा, वैवाहिक जीवन सुखाचं जावो, बाळाच्या जन्माबद्दल अभिनंदन वगैरे. प्रत्येकाला क्रमांक. आपण फॉर्मवर फक्त क्रमांक लिहायचा. तारेतून तो आकडा जाई आणि पलीकडच्या ऑफिसात तीच यादी असल्यामुळे आकड्याचा पुन्हा पूर्ण मजकूर होई.

इथे तारेतून नक्की काय गेलं? शुभेच्छा गेल्या नाहीत, त्या दोन्ही टोकांना आधीच छापून तयार होत्या. गेली ती निवड: या यादीतला हा. यादीत दोनच मजकूर असते तर निवड अगदी सोपी होती. बत्तीस असते तर जास्त सांगावं लागलं असतं. म्हणजे माहितीचं माप मजकुराच्या लांबीवर ठरत नाही, यादीच्या लांबीवर ठरतं.

अमेरिकेतल्या बेल टेलिफोन समूहातले लोक नेमकं हेच मोजायचा प्रयत्न करत होते. हॅरी नायक्विस्टनं १९२४ मध्ये तारेच्या वेगावर लिहिलं, राल्फ हार्टलीनं १९२८ मध्ये माहितीच्या प्रेषणावर. ऐकणाऱ्याच्या मनात काय घडतं ते बाजूला ठेवा आणि किती शक्यतांमधून निवड झाली तेवढंच मोजा, असं हार्टलीचं म्हणणं. मग १९४८ च्या जुलै आणि ऑक्टोबरच्या अंकांत बेलच्याच तांत्रिक नियतकालिकात क्लॉड शॅननचा ‘संप्रेषणाचा एक गणिती सिद्धान्त’ छापून आला. शॅनन तेव्हा ३२ वर्षांचा होता आणि बेल प्रयोगशाळेत काम करत होता. त्याच प्रयोगशाळेनं त्याच वर्षी ट्रान्झिस्टर जगापुढे आणला. एकाच संस्थेतून एकाच वर्षी या दोन गोष्टी बाहेर पडाव्यात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

शॅननचं माप चाळीत उभं राहून समजून घेऊ. सोळा बिऱ्हाडांची दोन मजली चाळ आहे. तुम्हाला कुणाकडे जायचंय ते मला ओळखायचंय आणि तुम्ही फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणार. मी विचारते: वरच्या मजल्यावर का? सोळाच्या आठ झाल्या. जिन्याच्या डावीकडे? आठाच्या चार. पहिल्या दोन खोल्यांपैकी? चाराच्या दोन. जिन्याला लागून असलेली? एक. चार प्रश्नांत काम झालं. बत्तीस बिऱ्हाडं असती तर पाच प्रश्न लागले असते, चौसष्ट असती तर सहा. बिऱ्हाडं दुप्पट झाली की प्रश्न फक्त एकानं वाढतो. गणितात यालाच दोनाच्या पायाचा लॉगॅरिदम म्हणतात, पण नाव लक्षात ठेवायची गरज नाही. निम्मं निम्मं करत जायचं, एवढंच. अशा एका ‘हो-नाही’चं जे माप ते म्हणजे एक बिट. हा शब्द संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकीनं सुचवला, आणि शॅननच्या लेखामुळे तो जगभर पसरला.

बिट हातात धरून बघायचा असेल तर मिस्ड कॉल आठवा. ‘पोचलास की मिस्ड कॉल दे’, आई सांगायची. फोन वाजायचा, कुणी उचलायचं नाही, एक पैसाही जायचा नाही. त्यात शब्द नाही, आवाज नाही, तरी घरात सगळ्यांना झोप लागायची. मिस्ड कॉल म्हणजे निव्वळ एक बिट. त्याचा अर्थ फोनमध्ये नव्हता, निघताना दारात जे ठरलं त्यात होता.

आता शॅनन हार्टलीच्या पुढे कुठे गेला ते सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. सगळ्या शक्यता सारख्या नसतात. चाळीत येणाऱ्या दहापैकी आठ जण तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे जात असतील, तर मी पहिला प्रश्न तोच विचारीन आणि बहुतेक वेळा एका प्रश्नात मोकळी होईन. जे घडणारच होतं त्याची बातमी हलकी, जे अनपेक्षित त्याची जड. जुलैत महाबळेश्वरला पाऊस पडला, यात माहिती जवळजवळ नाही. जानेवारीत गारा पडल्या तर तीच बातमी पहिल्या पानावर जाते. शक्यता निम्मी असेल तर एक बिट, पाव असेल तर दोन, १०२४ मध्ये एक असेल तर दहा. एखाद्या स्रोताकडून सरासरी किती आश्चर्य वाट्याला येतं, त्या सरासरीला शॅननने ‘एन्ट्रॉपी’ म्हटलं. हा शब्द भौतिकशास्त्रात उष्णतेच्या अभ्यासातून आधीच रुजला होता, आणि दोन्हींची सूत्रं एकाच घडणीची आहेत.

ही जवळीक वरवरची नाही, हे पुढे कळलं. आयबीएममधल्या रॉल्फ लँडाउअरनं १९६१ मध्ये दाखवलं, की एक बिट पुसायचा तर निदान काही उष्णता बाहेर टाकावीच लागते. ती अतिशय थोडी असते, नेहमीच्या तापमानाला एका ज्यूलच्या लाखअब्जाव्या हिश्शाहूनही कितीतरी कमी. पण शून्य नसते. २०१२ मध्ये प्रयोगानं तिला दुजोरा मिळाला. म्हणजे विसरायलासुद्धा ऊर्जा लागते.

भाषेकडे परत येऊ. ‘आधीच उल्हास, त्यात…’ एवढं म्हटलं की पुढचा ‘फाल्गुन मास’ तुम्ही म्हणून टाकता. तो मी सांगितला काय, न सांगितला काय, तुमच्या माहितीत भर पडत नाही. प्रत्येक भाषेत असे पुढचं आधीच सांगणारे दुवे खच्चून भरलेले असतात. शॅननने १९५१ मध्ये लोकांना इंग्रजी मजकुरातलं पुढचं अक्षर ओळखायला लावून हिशेब मांडला, तेव्हा लांब मजकुरात प्रत्येक अक्षरामागे साधारण एकच बिट खरी माहिती निघाली. सत्तावीस चिन्हं (अक्षरं आणि मोकळी जागा) सारखीच संभवनीय असती तर पावणेपाच बिट निघाली असती. बाकीचं सगळं पुनरुक्ती.

मोडी वाचायला बसलेल्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडून लिहीत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. ‘दिन’ की ‘दीन’, ‘सुत’ की ‘सूत’, कागद सांगत नाही. तरी शतकानुशतकं जमिनींचे, कर्जांचे, लढायांचे व्यवहार त्या लिपीत चालले, कारण आजूबाजूचं वाक्य ती उणीव भरून काढत होतं. लेखकानं वेग मिळवला आणि किंमत वाचणाऱ्यावर टाकली. दोनशे वर्षांनंतर आपल्याला तो संदर्भ माहीत नसतो, म्हणून तेच अक्षर अडतं. शाई तेवढीच आहे, आपल्याकडची यादी बदलली आहे.

देवनागरीची आजची अडचण याच्या उलटी आहे. ‘माहिती’ हा शब्द संगणकात म, काना, ह, वेलांटी, त, वेलांटी असा सहा चिन्हांचा असतो, आणि नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट), म्हणजे एकूण अठरा बाइट लागतात. इंग्रजी अक्षराला एकच बाइट पुरतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. वेलांट्या आणि काने मोजले की त्याहून कमी मजकूर. मराठीत सांगण्यासारखं कमी आहे म्हणून हे होत नाही. यादी मांडणाऱ्यांनी इंग्रजीला पुढच्या रांगेत बसवलं म्हणून होतं. फाइल झिप केली की पुनरुक्ती निघून जाते आणि हा फरक बराच कमी होतो. साठवायला लागलेली जागा आणि खरी माहिती, ही दोन वेगळी मापं आहेत.

पण पुनरुक्ती म्हणजे उधळपट्टी नव्हे. फोनवर आवाज नीट येत नसला की आपण सांगतो, ‘भ भटजीचा, ब बदकातला नव्हे’. एका अक्षरासाठी पाच शब्द खर्च केले, कारण गोंगाटातून एक अक्षर सुखरूप न्यायचं होतं. शॅननचा सर्वांत धीट निष्कर्ष याबद्दलच आहे. प्रत्येक मार्गाची, मग ती तार असो की हवा, एक क्षमता असते. तिच्या आत राहून माहिती पाठवलीत, तर मार्गात गोंगाट असूनही चूक हवी तितकी कमी करता येते. फक्त पुनरुक्ती हुशारीनं पेरावी लागते. ती कशी पेरायची हे त्यानं सांगितलं नाही. तिथून पुढची कित्येक दशकं इंजिनिअर त्या शोधात राबले. भाजीवालीच्या हातगाडीवरचा क्यूआर कोड बघा. पावसानं ओला, कोपरा फाटलेला, वर कोथिंबिरीचं पान चिकटलेलं, तरी पैसे पोचतात. त्या चौकटीत ठिपके मुद्दाम जास्तीचे भरलेले असतात. सर्वांत वरच्या पातळीच्या कोडमधला सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो.

घनपाठी ब्राह्मणांचं वेदपठण ऐकलं असेल तर ही कल्पना कानाला ओळखीची वाटेल. जटापाठात पदं ‘कख, खक, कख’ अशी उलटसुलट म्हणतात; घनपाठात ‘कख, खक, कखग, गखक, कखग’. एखादं पद चुकलं तर ते लगेच विसंगत वाटतं. लिहून न ठेवता पिढ्यानपिढ्या मजकूर जसाच्या तसा नेण्यासाठी ही पुनरुक्ती रचलेली आहे, आणि तिची कमाल कोणीही मान्य करावी. मात्र म्हणून ‘माहितीचा सिद्धान्त आपल्याकडे आधीच होता’ असं म्हणणं मला पटत नाही. चूक धरायची युक्ती होती. किती पुनरुक्ती पुरेल, हे मोजायचं माप नव्हतं. दोन्हींचा मान वेगवेगळा ठेवला तरच दोन्ही नीट दिसतात.

हे माप मग जीवशास्त्रातही गेलं. वॉटसन आणि क्रिकनं १९५३ च्या दुसऱ्या लेखात डीएनएमधल्या घटकांच्या क्रमाला आनुवंशिक माहिती वाहणारी संकेतलिपी म्हटलं. चार अक्षरं, म्हणजे प्रत्येकी दोन बिट. तीन अक्षरांचे ६४ शब्द होतात आणि त्यांतून अमिनो आम्लं निवडायची ती वीस, त्यामुळे बरेच शब्द समानार्थी. ही लिपी उलगडणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते; त्यांना १९६८ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

आता बाजूला ठेवलेला प्रश्न: हे खरं कशावरून? शॅननने लेखाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलं होतं, की संदेशाचा अर्थ काय, याच्याशी इंजिनिअरच्या कामाला कर्तव्य नाही. हे त्याचं प्रामाणिक कुंपण होतं. आपण ते विसरलो. त्याच्या मापानं खरी बातमी आणि धादांत खोटी बातमी सारख्याच वजनाची असू शकते. उलट खोटी जास्त अनपेक्षित असते, म्हणून जास्त जड भरते. अक्षरं वाटेल तशी फेकून तयार केलेल्या मजकुरात तर सर्वांत जास्त बिट निघतात, कारण त्यातलं पुढचं काहीच ओळखता येत नाही. त्याला माहिती म्हणायला आपली जीभ धजत नाही, कारण बोलण्यातल्या माहितीत अर्थ हवा असतो आणि बहुतेकदा ती खरीही हवी असते. फ्रेड ड्रेट्स्कीसारख्या तत्त्वज्ञांनी शॅननचं माप घेऊन ज्ञानापर्यंत पोचायचा प्रयत्न केला. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसननं माहितीला ‘फरक पाडणारा फरक’ म्हटलं. मला बेटसनचं म्हणणं जवळचं वाटतं, कारण फरक कुणाला तरी पडावा लागतो. ‘मला माहीत आहे’ मधला ‘मला’ तिथे परत येतो. आणि सांगणारा आप्त आहे का, हा न्यायसूत्रांचा प्रश्न कोणतंही यंत्र आपल्या वतीनं सोडवत नाही.

कायद्यानं आपली वेगळीच व्याख्या केली. महाराष्ट्रानं आधीच आपला माहितीच्या अधिकाराचा कायदा केला होता, मग २००५ चा केंद्राचा कायदा आला. त्यात माहिती म्हणजे कोणत्याही स्वरूपातलं साहित्य: अभिलेख, परिपत्रकं, करार, अहवाल, लॉगबुक, आणि हो, नमुनेसुद्धा. म्हणजे रस्त्यावर टाकलेल्या डांबराचा तुकडाही कायद्यानं माहिती आहे. इथे माहिती पुन्हा वस्तू झाली, पण या वेळी ती मागायचा हक्क माणसाला देण्यासाठी.

मी एकदा असा अर्ज केला होता, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आमच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुरुस्तीवर आदल्या वर्षी किती खर्च झाला, एवढंच विचारलं होतं. मुदतीच्या आत उत्तर आलं. तक्त्यात सहा रकाने होते आणि प्रत्येकात एकच शब्द: निरंक.

सरकारी पत्रांत नेहमी लिहिलेलं असतं, ‘माहिती निरंक असल्यास तसे कळवावे’. पूर्वी मला ती कागदाची नासाडी वाटायची. पण रकाना कोरा ठेवला असता तर त्याचे अर्थ किती झाले असते: खर्च झाला नाही, नोंद सापडली नाही, कुणी बघितलंच नाही, सांगायचं नाही. ‘निरंक’ लिहिल्यानं त्यातला एकच उरला. रस्त्याच्या तोंडाशी त्याच वर्षीच्या दुरुस्तीचा फलक उभा होता. त्याच्यावर रक्कमही होती. मी उत्तराची झेरॉक्स काढली, फलकाचा फोटो काढला, आणि दोन्ही एकत्र टाचून अपिलाचा मजकूर लिहायला बसले.